रणगाड्याची छोटी प्रतिकृती : बांधणी आणि अभ्यास

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर काडेपेट्यांची लेबले एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून लष्करी वाहनांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद आपल्याकडे फारसा परिचित नाही; आणि ज्यांना तो परिचित आहे त्यांतील अनेकांना तो लहान मुलांचा महागडा खेळ वाटतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र तो वस्तूच्या आधारे इतिहास वाचण्याचा एक मार्ग वाटतो. शिवाय या कामी नव्या, सर्वांगपूर्ण संचापेक्षा काही गोष्टी मोघम सोडणारा जुना संच अधिक शिकवतो, असे माझे मत आहे. ते एका उदाहरणाने मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

संच आणि त्याचे प्रमाण

जपानमधील शिझुओका शहरातील तामिया या कंपनीने १९८१ साली अमेरिकन ‘शर्मन एम-४ ए-३’ या रणगाड्याचा संच काढला. प्रमाण १:३५. हे विचित्र प्रमाण कसे आले, हेही मनोरंजक आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी या कंपनीने मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, म्हणून आकार ठरला. मागाहून मोजला तेव्हा तो मूळच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले.

या प्रमाणाचा हिशेब आधी पाठ करावा. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस इथे पाच सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो. शर्मनच्या धडाच्या बाजूंचे चिलखत ३८ मिलिमीटर जाडीचे होते. ते इथे जेमतेम १.१ मिलिमीटर. हा हिशेब डोक्यात असला म्हणजे साच्यातून आलेला कोणता भाग जाड झाला आहे, हे कानस हातात घेण्यापूर्वीच कळते.

पूर्वतयारी

वर्षानुवर्षे माळ्यावर राहिलेला संच उघडल्यावर प्रथम मऊ विनाइलचे पट्टे प्लॅस्टिकच्या भागांपासून वेगळे ठेवावेत. विनाइल मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकला खाते. नंतर सर्व भाग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पिवळी पडलेली चिन्हपत्रे पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवली की बरीचशी उजळतात.

हत्यारे घरातलीच चालतात. सांगाड्यातून भाग तोडण्यास नेलकटर, घासण्यास बारीक पॉलिश पेपर, धरण्यास चिमटा आणि जोडण्यास प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करणारा पातळ सिमेंट. हा सिमेंट रंगावर चालत नाही. म्हणून आधी रंगवलेला भाग जोडायचा असेल तर सांध्यावरचा रंग खरवडून काढावा. काम करताना खिडकी उघडी असावी.

रिकामी जागा

रणगाड्याचे धड खाली अरुंद आणि वर रुंद असते. वरचा रुंद भाग दोन्ही बाजूंनी पट्ट्यांच्या वर बाहेर येतो व तिथे आत लांबट कप्पे तयार होतात. या संचात त्या कप्प्यांना तळ नाही. प्रतिकृती उलटी केली की पट्ट्यांच्या वरून थेट पोटातला पोकळ भाग दिसतो. साच्याच्या दृष्टीने ही सोय असेल. टेबलावर ठेवलेल्या रणगाड्याकडे खालून पाहणार कोण?

हा तळ घालणे सोपे आहे. शिंपी ब्लाउज बेततो तसा आधी कागद बेतावा, तो जागेवर बसवून पाहावा आणि मग त्याबरहुकूम अर्ध्या मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पत्रा कापावा. धडाचे वरचे व खालचे अंग जोडण्यापूर्वीच तो चिकटवला की काम नीट होते.

परंतु तळ घालताना प्रश्न पडतो की, या कप्प्यात होते तरी काय? उत्तर गंभीर आहे. सुरुवातीच्या शर्मन रणगाड्यांत तोफगोळ्यांचा बराचसा साठा याच कप्प्यांत उभा असे. शत्रूचा गोळा बाजूने आत शिरला की साठा पेटे आणि आतल्या पाच माणसांना बाहेर पडण्यास क्षणांचाच अवधी उरे. पुष्कळ काळ दोष पेट्रोलवर येत असे; खरे मुख्य कारण हा दारूगोळा होता. म्हणून आधी बाजूंवर, साठ्याच्या नेमक्या समोर, एक इंच जाडीचे जादा पत्रे वेल्ड करण्यात आले. जुन्या छायाचित्रांत दिसणारी ती चौकोनी ठिगळे म्हणजे आत काय आहे याची बाहेरून दिसणारी खूणच होय. पुढे १९४४ पासून नव्या बांधणीत साठा खाली तळाशी नेऊन त्याभोवती पाणी व ग्लायकॉल भरलेली आवरणे बसवण्यात आली. अमेरिकन सैन्याच्या १९४५ सालच्या पाहणीत, चिलखत भेदले गेलेल्या जुन्या पद्धतीच्या शर्मनांपैकी ६० ते ८० टक्के जळाल्याचे व नव्या पद्धतीच्यांपैकी १० ते १५ टक्केच जळाल्याचे दिसून आले. आमच्या संचातील रणगाडा या दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून त्याच्या बाजूंवर ठिगळे नाहीत. नवा संच विकत घेतला असता तर तळ आयता मिळाला असता आणि हा प्रश्न मला पडलाच नसता.

ओतीव काय, जोडीव काय

या शर्मनचे धड लाटलेल्या पोलादी पत्र्यांचे, वेल्ड केलेले. बुरूज आणि पुढचे गिअरपेटीचे झाकण मात्र ओतीव. संचात दोन्ही सारखेच गुळगुळीत आहेत. ओतीव पोलादाची कातडी कशी असते, हे पाहावयाचे असेल तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथील सेंच्युरियनचा बुरूज जवळून पाहावा. नव्या बिडाच्या तव्याची पाठ जशी लागते, तसा तो दिसतो. प्रतिकृतीवर हा पोत आणण्यासाठी बुरुजावर सिमेंटचा हात द्यावा आणि ओला असतानाच ताठ केसांच्या ब्रशाने टिपत जावे. पस्तीसपट लहान करावयाचे आहे, हे ध्यानात ठेवून हात हलका हवा.

वेल्डच्या सांध्यांसाठी सांगाड्याचा तुकडा मेणबत्तीवर धरून ताणावा. त्याची दोऱ्यासारखी तार निघते. ती सांध्यात बसवून सिमेंटने मऊ करावी व चाकूच्या पात्याने तीवर जवळजवळ आडव्या खुणा उमटवाव्यात. याबाबतीत मला पुस्तकापेक्षा घरूनच अधिक मदत झाली. माझे वडील वेल्डर आहेत. शर्मनच्या धडाचे छायाचित्र पाहून ते म्हणाले, “अरे, एवढ्या जाड प्लेटचा सांधा एका फेरीत भरत नाही. थरावर थर द्यावे लागतात. आणि हात जिथं थांबतो तिथं लाट उमटते.” त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. पण १९४४ सालच्या त्या छायाचित्रातील कामगाराचा हात कुठे थांबला होता, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. एका तारेऐवजी शेजारी शेजारी दोन तारा घातल्या, तेव्हा सांधा खरा दिसू लागला.

हा शर्मन कोणाचा?

चिन्हे लावण्याची वेळ आली तेव्हा मित्रांचा आग्रह पडला की, यावर आपल्या सैन्याची खूण रंगव. आग्रहाला आधार होता. फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील मेइक्तिलाच्या लढाईत २५५ व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडमधील प्रोबिन्स हॉर्स व डेक्कन हॉर्स या रेजिमेंटी शर्मन घेऊनच लढल्या. वीस वर्षांनंतर, १९६५ मध्ये, असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांसमोर उभ्या राहिलेल्या डेक्कन हॉर्सकडेही शर्मनच होते.

मोह मोठा होता. पण ब्रह्मदेशातील ते शर्मन ‘एम-४ ए-४’ जातीचे होते. त्यांत क्रायस्लरची पाच इंजिने एकत्र जोडलेले तीस सिलिंडरांचे अवजड इंजिन होते. ते मावावे म्हणून धड ११ इंच लांब केले होते आणि चाकांच्या जोड्यांत अंतर अधिक होते. पुढचा उतारही निराळा, आणि दारूगोळा त्या बाजूच्या कप्प्यांतच. ११ इंच म्हणजे आपल्या प्रमाणात आठ मिलिमीटर. आठ मिलिमीटर कोणाच्या लक्षात येणार, असे एक मित्र म्हणाला. परंतु त्या आठ मिलिमीटरांत एक वेगळे इंजिन आहे, आणि त्या ठिगळांमागे बसून लढलेल्या आपल्या जवानांनी पत्करलेला अधिकचा धोका आहे. त्यांचे नाव घ्यावयाचे तर त्यांचाच रणगाडा उभा केला पाहिजे. म्हणून मी प्रतिकृती अमेरिकनच ठेवली. ए-४ साठी धड कुठे कापावे लागेल, याची मोजमापे वहीत काढून ठेवली आहेत. पुढचे काम ते.

रंगकाम

मूळ हिरवट-तपकिरी रंग लहान वस्तूवर अधिक गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. तो पुरता वाळल्यावर तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून खाचांत सोडावा. उठावाच्या कडांवर कोरड्या ब्रशाने फिका रंग फिरवावा. पट्ट्यांची टोके तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने दाबून जोडावीत व तो सांधा वरच्या बाजूस, नव्या तळाखाली लपवावा. धूळ खडूच्या पुडीची; पण ती चाकांशी अधिक आणि बुरुजावर कमी, कारण धूळ खालून वर जाते.

ज्या विद्यार्थीमित्रांना हा छंद धरावयाचा आहे त्यांना एकच सूचना करावीशी वाटते. शेजारी एक वही ठेवा आणि तिच्या पानावर दोन रकाने आखा. एकात छायाचित्रांत व संग्रहालयांत प्रत्यक्ष पाहिलेले लिहा, दुसऱ्यात अंदाजाने केलेले. माझ्या वहीत आज दुसरा रकाना मोठा आहे. परीक्षेनंतर पुन्हा संग्रहालयात जाऊन तो थोडा कमी करण्याचा विचार आहे.