बायोस्टॅटिस्टिक्सच्या एम.एस्सी.साठी अर्ज कुठे करावा?

आरोग्यक्षेत्र म्हटले की आपल्या घरांत डॉक्टर, नर्स, फार्मसी एवढीच नावे निघतात. पण कोणता उपचार खरोखर लागू पडतो, हे मोजून सांगणारेही लागतात. त्या शास्त्राला बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे जीवसंख्याशास्त्र म्हणतात.

आपल्या शेजारच्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचे उदाहरण पहा. तेथे १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची चार गटांत वाटणी केली. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू, नेहमीच्या सोयींवर असलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे झाले. २००९ साली हे जगापुढे आले. गट पाडणे आणि आकड्यांचा अर्थ लावणे हे या शास्त्राचे काम.

आधी पात्रता पहा. या शिक्षणाला गणित किंवा संख्याशास्त्र लागते. बारावीला फक्त जीवशास्त्र ठेवून गणित सोडले, तर पुढे बहुतेक दारे बंद होतात. म्हणून खरा निर्णय दहावीनंतरच होतो. जमत असेल तर दोन्ही विषय ठेवा.

मग संस्था निवडा. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम हीच संस्था पाहते. तेथे जीवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे. नगरची कॉलेजे ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, तेथे संख्याशास्त्राची एम.एस्सी. करून नंतर आरोग्याकडे वळता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही हा विषय शिकवतात. नुसत्या मोठ्या नावावर जाऊ नका. रुग्णालयाच्या किंवा सर्वेक्षणाच्या खऱ्या आकड्यांवर काम मिळते का, शिकून गेलेली मुले कुठे नोकरीला लागली, हे विचारा.

खर्चाचा हिशेब घाला. फीबरोबर खोलीभाडे, मेस आणि प्रवेशपरीक्षेचा प्रवासही धरा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर होतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. परदेशासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अमेरिकेत एम.एस्सी.चा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो, पीएच.डी.ला मात्र बहुतेक ठिकाणी फीमाफी व विद्यावेतन मिळते.

कागद आधीच काढा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, जात वैधता प्रमाणपत्र तयार ठेवा. बौद्धांना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. शेवटच्या आठवड्यात तो मिळेलच असे नाही.

चार-पाच अर्ज पुरेत: एक-दोन अवघड, दोन आवाक्यातले, एक घराजवळचा. नागापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या आईवडिलांनी मुलीला किंवा मुलाला घेऊन बसावे आणि संस्था, पात्रता, एकूण खर्च, शेवटची तारीख असे चार रकाने वहीत आखावेत. जिथे चारही रकाने जुळतील, तिथेच अर्जाचे पैसे भरावेत.