पुसले गेलेले संगणकी दप्तर

चाकणच्या बाजूस जमिनी कारखान्यांकडे जाऊ लागल्यापासून फेरफार, वाटणीपत्रे व भूसंपादनाच्या नोटिसा संगणकात ठेवण्याची चाल शेतकरी घरांतून पडली आहे. चाल चांगली आहे. परंतु हे दप्तर एका बोटाच्या दाबाने नाहीसे होते, ही गोष्ट बहुधा ते नाहीसे झाल्यावरच ध्यानात येते.

आमच्या एका आप्ताच्या घरी असेच घडले. मुलाने लग्नाच्या चित्रफितींस जागा करावी म्हणून जुना फोल्डर पुसला आणि रीसायकल बिनही रिकामी केली. त्या फोल्डरात संपादनापूर्वी काढलेली विहिरीची व आंब्यांची छायाचित्रे होती. विहीर बुजली, झाडे तुटली. वाढीव मोबदल्याचा दावा मात्र चालू आहे.

महसुली कचेरीत आमची नोकरी झाली, म्हणून तेथलाच दाखला देतो. अनुक्रमणिकेतील नोंद खोडली तरी रुमाल फडताळातच असतो. ती जागा मोकळी समजून तेथे दुसरा रुमाल ठेविला, म्हणजे पहिला गेला. हार्डडिस्कचे असेच आहे. पुसल्याने नोंद जाते, मजकूर राहतो. नवा मजकूर त्यावर लिहिला गेला की तो कायमचा नष्ट होतो. यास्तव रीसायकल बिनमध्ये फाईल न सापडल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी, तेथून फोटोरेक किंवा रेकुव्हा यांसारखी प्रणाली चालवावी, आणि जे सापडेल ते निराळ्या डिस्कवर उतरून घ्यावे. फोटोरेकला मोल पडत नाही. मात्र फाईलींची मूळ नावे परत येत नाहीत, एकेक उघडून ओळखावी लागते. हल्लीच्या एसएसडी डिस्का मोकळी झालेली जागा आपण होऊनच साफ करितात, तेथे फारशी आशा धरू नये.

त्या मुलाने दोन दिवस चित्रफिती उतरविल्या व शोधण्याची प्रणालीही त्याच डिस्कवर बसविली. विहिरीची चित्रे अर्धवट मिळाली, आंब्यांची मुळीच नाहीत.

सातबाऱ्याची काळजी नको. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. घरगुती वाटणीचा कागद, पावत्या व छायाचित्रे यांची प्रत कोणत्याच कचेरीत नसते. नक्कल प्रथम यांची करावी. ती बाहेरच्या डिस्कवर घेऊन डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरांतील मजकूर खंडणीखोरांनी कुलूपबंद करून बिटकॉइन मागितले. निगडी पोलिसांत फिर्याद झाली. असे कुलूप जोडलेल्या डिस्कलाही लागते. दुसरी नक्कल घराबाहेर असावी, सासुरवाडीसही चालेल. गूगल ड्राइव्हवर ठेविल्यास इतके जाणावे, की तेथे पुसलेली फाईल ३० दिवसच ट्रॅशमध्ये राहते. नकला वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. आम्ही पाडव्यास पाहतो. आमची एक डिस्क उघडेना, ते पाडव्यालाच कळले.

आप्ताच्या आंब्यांची चित्रे अखेरीस मेहुण्याच्या मोबाइलमध्ये सापडली. पूर्वी कधी व्हॉट्सअॅपवर पाठविली होती. त्या वाटेने गेलेले चित्र लहान होते व त्यात दडलेली तारीख गळून पडते. झाडे मोजता येतात. ती कोणत्या साली उभी होती, यावर वकिलांचा वाद चालला आहे.