अंगावर येणारी सूज व तिचीं कारणें

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आमच्या थोरल्या बंधूंच्या दोन्ही पायांस सूज आली. वय चौसष्ट, शेतीचें काम अंगावर, त्यामुळें प्रथम कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. एकानें वात म्हटलें, दुसऱ्यानें पाणी बाधलें म्हणून सांगितलें. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, घेटुळीची भाजी खावयास घातली. या उपचारांत अडीच महिने गेले. सूज हा स्वतः रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे, ही गोष्ट आम्हांस उशिरां कळली. प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं, महसूल खात्यांतील निवृत्त कारकून आहे. डॉक्टरांस विचारून व वाचून जें समजलें तें येथें दिलें आहे.

शरीरांतील पाण्याची व्यवस्था शेतांतील पाटासारखीच आहे. रक्तांतील पातळ भाग केशवाहिन्यांच्या भिंतींतून थोडाथोडा पाझरत असतो. रक्तांतील अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन पाणी आंत धरून ठेवतें, आणि जो पाझर बाहेर पडतो तो रसवाहिन्यांच्या चरांतून पुन्हां रक्तांत येतो. पाटांत पाणी तुंबलें, धरून ठेवणारें प्रथिन घटलें, भिंत झिरपूं लागली किंवा चर बुजला, कीं पाणी अंगांत सांचतें. सुजलेल्या जागीं अंगठा कांहीं क्षण दाबून धरावा. काढल्यावर खळगा राहिला तर तेथें पाणी सांचलें आहे असें समजावें.

हृदय दुर्बळ झालें तर पाणी मागें तुंबतें. अशा माणसाचे पाय सायंकाळीं अधिक सुजतात, चढण चढतांना दम लागतो, व रात्रीं उताणें निजवत नाहीं. मूत्रपिंडें बिघडलीं म्हणजे प्रथिन लघवीवाटे जाऊं लागतें; सकाळीं उठतांच पापण्या व चेहरा सुजलेला दिसतो, लघवीस फेंस येतो. यकृत हेंच अल्ब्युमिन तयार करतें. दारूनें किंवा जुनाट काविळीच्या विषाणूनें तें खराब झालें असतां बहुधा पोट फुगतें. त्यासच आपण जलोदर म्हणतों. लहान मुलांस पुरेसें अन्न व प्रथिन मिळालें नाहीं तरी पाय सुजतात, आणि तें बाळसें समजून आई समाधान मानते. हत्तीरोगांत डासांनीं आणलेले जंतु रसवाहिन्या बुजवितात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या बाजूस हा रोग परिचयाचा आहे, व तेथें सरकारी गोळ्यांची मोहीम आली असतां गोळी समोरच गिळावी, खिशांत ठेवूं नये.

भिंत झिरपण्याचें एक कारण मात्र थेट शेतांतून येतें. पिवळा धोतरा, ज्यास कांहीं ठिकाणीं काटेधोतरा म्हणतात, तें तण मूळचें मेक्सिकोकडील. कांटेरी पानांवर पांढऱ्या शिरा, फूल पिवळें, मोडल्यास पिवळा चीक. पीकपाहणीच्या निमित्तानें हिंडतांना तें मीं पडीत जमिनींत व बांधांवर शेंकडों वेळां पाहिलें, पण त्याची नोंद करण्यासारखें कांहीं आहे असें कधीं वाटलें नाहीं. याचें बीं काळें व मोहरीएवढें असतें. तें मोहरींत मिसळून घाण्यांत गेलें म्हणजे तेलांत सँग्विनारीन नांवाचें विष उतरतें. केशवाहिन्या ढिल्या पडून झिरपूं लागतात, पाय सुजून लाल होतात, जुलाब होतात, पुढें हृदय थकतें व कोणाची दृष्टीहि जाते. या रोगाची नोंद कलकत्त्यास १८७७ सालीं झाली. १९९८ सालीं दिल्लींत भेसळीच्या मोहरीच्या तेलानें साठांहून अधिक माणसें मेलीं. ओळखण्याची खूण अशी कीं, एका घाण्याचें तेल खाणारीं माणसें एकदम सुजतात, अंगावर पिणारें मूल तेवढें वांचतें. रोजच्या फोडणीनें हें विष जात नाहीं, व त्यावर उताराहि नाहीं. तेल तात्काळ बंद करावें, थोडें बाटलींत तपासणीसाठीं राखावें व सर्वांस इस्पितळांत न्यावें. चाळणीनें हें बीं मोहरींतून निवडणें कठीण असल्यामुळें तण फुलावर येण्यापूर्वींच उपटणें सोपें.

कांहीं प्रसंगीं एक दिवसहि थांबूं नये. एकच पाय अचानक सुजून दुखूं लागला तर शिरेंत रक्ताची गांठ झाली असण्याचा संभव असतो. ती सुटून फुफ्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें, म्हणून तो पाय रगडूं नये. गरोदर स्त्रीचे हातपाय व तोंड सुजून डोकें दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, किंवा कोणासहि सुजेबरोबर धाप लागली, तर गाडी जुंपण्यास सकाळची वाट पाहूं नये.

आतां बंधूंविषयीं. तालुक्याच्या गांवीं लघवी व रक्त तपासलें तेव्हां लघवींत प्रथिन व रक्तांत क्रिएटिनिन वाढलेलें निघालें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला, "कोणत्या गोळ्या घेतां?" बंधू म्हणाले, "कांहीं नाहीं." वहिनींनीं मात्र पिशवींतून गुडघेदुखीच्या गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें काढलीं. दोन वर्षें रोज दोन, कधीं तीन, बाजाराच्या दिवशीं दुकानांतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. दुखणें थांबविणाऱ्या कित्येक गोळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनींहि घोटे सुजतात, परंतु त्या आपल्या मनानें सोडूं नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या. म्हणून तपासणीस जातांना घरांतील सर्व औषधें, काढे व भस्में सुद्धां, बरोबर न्यावीं.

गोळ्या बंद केल्या, मीठ, पापड व लोणचें कमी केलें, औषध चालू झालें. तीन आठवड्यांत पाय उतरले. मूत्रपिंडांची गेलेली शक्ति मात्र सगळी परत आली नाहीं. दर तीन महिन्यांनीं रक्त तपासावें लागतें, आणि गुडघे दुखतात ते दुखतातच.