72 तासांची गोळी

दवाखाना बंद करायच्या वेळी एक आई आली. इंदूरच्या राजवाड्यामागच्या गर्दीतून चालत आल्यामुळे तिला दम लागला होता. रुमालात गुंडाळलेलं गोळीचं रिकामं पाकीट तिनं टेबलावर ठेवलं. "मुलीच्या दप्तरात सापडलं. बारावीत आहे, मागच्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली. डोकेदुखीचीच आहे ना हो ही?"

नव्हती. तुमच्यापैकी काही जणींनीही हे मला आडून आडून विचारलं आहे, म्हणून आज सरळच लिहिते.

ती तातडीची गर्भनिरोधक गोळी होती. औषधाचं नाव लेव्होनॉर्जेस्ट्रेल, मात्रा 1.5 मिलिग्रॅम. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी, कारण ती मुख्यतः बीज सुटणं लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. गर्भ राहिलाच असेल तर अजिबात नाही, म्हणजे ही गर्भपाताची गोळी नव्हे. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तिचा असर कमी होतो. पुढची पाळी थोडी मागेपुढे होते, पण ठरल्या तारखेवर आठवडा उलटला तर लघवीची तपासणी करायलाच हवी. "एकदा घेतली की पुढे मूल होत नाही" हे खोटं आहे. तरी दर वेळी तीच घेणं शहाणपणाचं नाही: नेहमीच्या साधनांपेक्षा तिचा भरवसा कमी, आणि संसर्गापासून ती वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो.

गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या. त्या दुकानातून गुपचूप आणून घरात घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेततं.

तरुण मुलांना ही साधनं मिळू द्यावीत का, यावर आपल्याकडे हिरीरीनं वाद होतात. अहो, मिळतातच! ही गोळी चिठ्ठीशिवाय विकली जाते. राजवाड्याजवळच्या दुकानात बाबांच्या ओळखीचे काका असतात, म्हणून मुलं पार विजयनगरला जाऊन घेतात, एवढंच. मिळत नाहीत ती वर लिहिलेली दहा वाक्यं.

ती शाळेत मिळावीत अशी सोय होत होती. केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला 2007 मध्ये मध्य प्रदेशानं नकार दिला, तसाच महाराष्ट्रानंही. माझं माहेर तिकडचं, सासर माळव्यातलं. या एका बाबतीत दोन्ही घरं सारखीच निघाली. पुढे 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, सरकारी दवाखान्यांत किशोरांसाठी केंद्रं झाली. आपल्याकडे त्यांना 'उमंग' म्हणतात. शेजारी खजुरी बाजारात दहावीचं एनसीईआरटीचं विज्ञानाचं पुस्तक घ्या, त्यातल्या जननाच्या धड्यात निरोध, गोळ्या, तांबी सगळं छापलेलं आहे. मी मुलांना विचारते, हा धडा कसा शिकवला? बहुतेकांचं उत्तर एकच: "सर म्हणाले, घरी वाचून घ्या."

आणि घरी? इंदूरच्या मराठी घरांची अडचण जराशी निराळी. मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, घरी मराठी. पण शरीराच्या या भागांना घरच्या मराठीत नावच नाही. 'तिथे', 'खाली', 'ते'. मग मुलगा ती नावं गल्लीतल्या शिव्यांतून शिकतो आणि बाकीचं मोबाईलवरून. मराठीत शब्द नाहीत असं मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले. 1934 मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी जे छापता आलं, ते आपल्याला जेवणाच्या टेबलावर म्हणवत नाही! योनी, शिश्न, वीर्य, संमती: चार शब्द तर आहेत. मुलाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून ते सहज तोंडात येऊ द्या.

"सांगितलं की मुलं तेच करतील" ही भीती मला समजते. युनेस्कोनं जगभरचे अभ्यास तपासून 2018 मध्ये मार्गदर्शिका काढली, तिचा निष्कर्ष उलट आहे: अशा शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत.

आता कायद्याचं. त्या आईची मुलगी अठराची होती, त्यामुळे नंतर भेटल्यावर मुलीनं मला जे सांगितलं ते आईलाही मी सांगितलं नाही. सतराची असती तर गोष्ट वेगळी. अठराखालच्या मुलीची संमती पॉक्सो कायदा मानत नाही, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. या धाकानंच कित्येक मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2022 मध्ये यातून थोडी वाट काढली: अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी तिनं व पालकांनी विनंती केली, तर कळवताना डॉक्टरनं तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे उशीर करू नका.

दप्तरात पाकीट सापडलं तर रागवायचं ते नंतर रागवा. आधी दोनच गोष्टी विचारा: गोळी कोणत्या दिवशी घेतलीस, आणि शेवटची पाळी कधी आली होती? पाळीला आठवडा उशीर झाला असेल, किंवा पोटात एका बाजूला दुखत असेल, तर त्याच दिवशी तिला घेऊन या.