आस्थापनेच्या टेबलावरील चिरंजीवास

भोर

चि. बाळ,

वेल्ह्याच्या तहसील कचेरीत आस्थापनेचे टेबल तुझ्याकडे आल्याचे वहिनींकडून कळले व समाधान वाटले. रजा, वेतनवाढी, बदल्या यांचा तगादा तुझ्यामागे रोज राहील. परंतु ज्या कामाचा तगादा कोणीच लावीत नाही, कारण ज्यांना त्याची गरज पडावयाची त्यांना ती अद्याप ठाऊक नसते, त्या कामाविषयी, म्हणजे हयात नोकरांच्या सेवापुस्तकांतील कुटुंबाच्या तपशिलाविषयी, आज लिहीत आहे.

तू ज्या मुलखात बसला आहेस तेथे नोकरामागे त्याच्या कुटुंबाचा सांभाळ करण्याची जबाबदारी नवी नव्हे. १६५९ साली अफजलखानाशी झालेल्या युद्धानंतर, पडलेल्यांच्या पुत्रांना सेवेत घ्यावे आणि ज्यांना पुत्र नाही त्यांच्या विधवांना निमे वेतन चालवावे, अशी आज्ञा शिवाजी महाराजांनी केल्याचे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. आज महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतील ११६ वा नियम कुटुंब निवृत्तिवेतन देऊन तेच कर्तव्य पार पाडतो: सामान्य दर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि सेवेत मृत्यू आल्यास, अटी पुऱ्या होत असतील तर, आरंभीची काही वर्षे निम्म्या वेतनाइतका.

हे वेतन मृताची मालमत्ता नव्हे, म्हणून ते मृत्युपत्राने दुसऱ्यास देता येत नाही. नियमाने जिचा हक्क तिलाच ते मिळते. उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, नामनिर्देशन वेगळे. लोक या दोहोंची गल्लत करतात आणि भावाचे नाव लिहून निश्चिंत होतात.

मी नोकरीत असताना एका शिपायाचे प्रकरण पाहिले. त्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे माहेरचे नाव होते, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरेच, घरात हाक मारण्याचे. तो अकस्मात वारल्यावर ही तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करण्यासाठी तिला, डोंगरातल्या वाडीवरून पहाटेची एसटी धरून, तान्हे मूल मांडीवर घेऊन, कचेरीच्या ओसरीवर वारंवार बसावे लागले. आणि ज्या एका ओळीच्या दुरुस्तीने हे टळले असते ती ओळ नवरा हयात असताना, त्याच्याच सहीने, चार मिनिटांत लिहिता आली असती. नियम कठोर नव्हता, दुरुस्त न केलेला रकाना कठोर होता, असे माझे ठाम मत आहे.

दिव्यांग अपत्य असेल तेथे विशेष जप. स्वतःचा चरितार्थ चालवण्यास असमर्थ अशा अपत्यास हे वेतन आयुष्यभर मिळू शकते, पण त्यास वैद्यकीय दाखला लागतो. तो बापाच्या हयातीत काढून दप्तरी लावलेला बरा.

१ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेले तरुण, आपल्याला निवृत्तिवेतनच नाही, अशा समजुतीने या सर्वाकडे पाठ फिरवतात. ३१ मार्च २०२३ च्या शासननिर्णयाने त्यांच्याही कुटुंबांना, नोकर सेवेत असताना वारल्यास, कुटुंब निवृत्तिवेतनाची दारे खुली झाली आहेत, हे त्यांना समक्ष बसवून सांग आणि त्यासाठीच्या विकल्पाचा नमुना भरून घे.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण मुंबईस महालेखापालांकडे जाते. तेथून आक्षेप लागून परत आले तर महिने जातात, आणि त्या महिन्यांत चूल कशावर पेटते याचा विचार तुला करावयाचा आहे. पासली-केळदकडचे तलाठी मासिक बैठकीस येतील तेव्हा पत्नीच्या आधारपत्राची व बँकपुस्तकाची प्रत आणावयास सांग, सेवापुस्तकासह तिन्ही ठिकाणची नावे ताडून पाहा, आणि नोंदीवर त्याच दिवशी सही घे.

तुझा,
काका