इम्पोर्टच्या ओळी वाचत जा

मनू, एडिटर इम्पोर्टच्या ओळी आपोआप टाकतो म्हणून तू त्या बघतच नाहीस, हे तुझ्या बोलण्यावरून लक्षात आलं. ती सोय बंद कर असं मी मुळीच म्हणणार नाही. मीही दिवसभर तीच वापरते. फक्त एक सवय आत्ताच लावून घे. ओळ आली की पुढे जाण्याआधी ती वाचायची.

का, ते सांगते. तुझ्या मनात काय आहे ते एडिटरला कळत नसतं. जावात तू ‘लिस्ट’ लिहिलंस की तो त्या नावाचे क्लास आणि इंटरफेस शोधून तुझ्यापुढे ठेवतो. त्यात युटिल पॅकेजमधली लिस्ट असते, तशी एडब्ल्यूटीमधलीही असते. आपल्या नाशकात नुसतं ‘पिंपळगाव’ म्हटलं की समोरचा विचारतो ना, बसवंत की बहुला? तसंच हे. घाईत एंटर दाबून एडब्ल्यूटीची लिस्ट आली, तर निदान कंपायलर अडवतो, कारण ती जेनेरिक नाही. ‘डेट’च्या बाबतीत तेवढाही आधार नाही. मिलिसेकंद देऊन बनवलेली डेट युटिलचीही चालते आणि एसक्यूएलचीही. दोन्ही छापून बघ. एकीत तारखेबरोबर वेळ दिसते, दुसरीत नुसती तारीख. एरर नाही, काही नाही, आणि तू मात्र भलत्याच फंक्शनमध्ये चूक शोधत बसतेस.

पायथॉनमध्ये तर जास्तच जपून. जावातलं इम्पोर्ट म्हणजे लांबलचक नाव थोडक्यात लिहायची सोय. पायथॉनमध्ये मात्र पहिल्यांदा इम्पोर्ट करताना ती फाइल खरोखर चालते. म्हणून जँगोमध्ये सिग्नल्सची फाइल ॲप सुरू होताना नुसती इम्पोर्ट करून ठेवतात. तिच्यातलं एकही नाव खाली वापरलेलं नसतं. एडिटर ती ओळ फिकी करून ‘वापरात नाही’ असं सांगतो. साफसफाईच्या नादात ती उडवलीस, तर सिग्नल्स जोडलेच जात नाहीत, आणि कुणी तक्रारही करत नाही. अशी ओळ का ठेवली आहे, ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहीत जा.

आणि लायब्ररीचं नाव बरोबर असूनही एडिटर ते सुचवत नसेल, तर आधी इंटरप्रीटर बघ. लायब्ररी एका एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलेली असते आणि एडिटर दुसऱ्याच एन्व्हायर्नमेंटकडे बघत असतो, असं फार वेळा होतं.

व्हीएस कोडमध्ये शिफ्ट, ऑल्ट आणि ओ दाबलंस की इम्पोर्ट नीट लावून मिळतात. जरूर वापर. पण कमिट करण्याआधी डिफ बघशील तेव्हा सुरुवात फाइलच्या माथ्यापासून कर. कोणती ओळ आली, कोणती गेली, हे बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आणखी एक. पुणे विद्यापीठाच्या लेखी पेपरात प्रोग्रॅम हातानेच लिहावा लागतो, तिथे सुचवणारं कुणी नसतं. ओरलला सर विचारतात, ‘अ‍ॅरेलिस्ट कुठल्या पॅकेजमधली?’ तेव्हा गप्प राहायची वेळ येऊ नये. म्हणून सरावातले छोटे प्रोग्रॅम इम्पोर्टसकट स्वतः टाइप कर. नेहमीची नावं लवकरच अंगवळणी पडतात. मग प्रोजेक्टला खुशाल एडिटरवर सोपव, कारण त्याने चुकीचं काही आणलं तर ते तुला वाचताक्षणीच खटकेल.