सायकलची चपटी मोटर

जाते आपण सर्वांनी पाहिले आहे. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. विजेच्या सायकलची चपटी मोटर अशीच असते. एका चकतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. समोरच्या चकतीवर लोहचुंबक असतात. वेटोळ्यांत आळीपाळीने वीज सोडली, की चुंबकांची चकती फिरते.

बहुतेक मोटरी डब्यात डबा बसवावा तशा असतात. चपटी मोटर रुंद असते. तिचे चुंबक आसापासून दूर बसतात. लांब दांड्याच्या पान्याने घट्ट नट सुटतो ना? तसेच हे. कमी वजनात जास्त जोर मिळतो.

हा जोर चढावर लागतो. माणूस, सायकल व ओझे मिळून 100 किलो धरू. दर 100 मीटरला 5 मीटर चढ, वेग ताशी 10 किलोमीटर. नुसत्या चढालाच सुमारे 136 वॅट लागतात. आपल्या देशात बिनपरवाना सायकलची मोटर 250 वॅटच्या आत हवी. म्हणून वजन वाचवणे मोलाचे.

पण चुंबक चकतीला सारखे ओढतात. मधली फट बारीक असते. चकती जरा कलली, की घासते. म्हणून ही मोटर घरी उघडू नये, बोटे चिमटतील. विकत घेण्याआधी विचारावे, दुरुस्ती जवळपास होते का?